बोटीसाठी ओटा

माणसाला घर लागत नाही. हा निष्कर्ष काउकोने एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधून काढला होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. माणसाला डोक्यावर छप्पर लागतं, कोरडा बिछाना लागतो आणि कॉफीचं भांडं लागतं. त्यापुढचं सगळं बांधकाम म्हणजे निव्वळ भीती, असं तो म्हणे. बांधकामावरच्या मुकादमकीतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्याने कोउवोलाचं घर विकलं आणि मोटारहोम घेतलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत त्याने त्या गाडीत दोन कपाटं, चपलांचा एक खण, दाराबाहेर टेकवायची घडीची पायरी आणि त्या पायरीला कठडा एवढं बांधकाम केलं. एक पत्र्याची टपालपेटीही केली होती. ती कुठे ठोकायची हे ठरायचं होतं.

घर विकण्याआधी त्याने बायकोला, राइलीला, विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. ती "चालेल" म्हणाली होती. आमच्याकडे बायको "चालेल" म्हणाली की नवरा पुढचं ऐकायला थांबत नाही.

राइलीला खरं तर फार काही नको होतं. गाडी सुरू करायच्या आधी खिडकीतली प्रत्येक वस्तू उचलून कपाटात बंद करावी लागे: चष्मा, कप, जिरॅनियमची कुंडी. नाहीतर पहिल्याच वळणावर कुंडी काउकोच्या मानेवर यायची. तीन वर्षांत ती कुंडी तिने काही शे वेळा उचलली असेल. तिला एक अशी खिडकी हवी होती, की जिच्यात संध्याकाळी ठेवलेली वस्तू सकाळी तिथेच सापडेल आणि बाहेरही कालचंच काहीतरी दिसेल. आणि ती खिडकी तेर्तूच्या खिडकीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावी. बस.

तेर्तू आणि राइली कोउवोलातल्या एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं समोरासमोर बसून बटाटे सोलत होत्या. निवृत्तीनंतर तेर्तू नवऱ्याबरोबर, म्हणजे औलिसबरोबर, त्याच्या गावाकडे कुह्मोला गेली. तिथे हाउकी तळ्याच्या काठावर त्यांनी जागा घेतली. दर रविवारी दोघींचा फोन असे. मोटारहोम साडेसात मीटर लांब. त्यात कुठेही बसून फोन केला तरी काउको हाकेच्या आतच असायचा. त्यामुळे राइली म्हणायची, "इकडे छान आहे गं. समुद्र आहे. काल संत्री आणली." आणि तेर्तू म्हणायची, "मजा आहे बाई तुझी."

तीन वर्षं असं चाललं. एका एप्रिलमध्ये तेर्तू म्हणाली, "औलिसने घर काढलंय बांधायला. भिंती उभ्या राहिल्यात. पण एकमेकींशी बोलत नाहीत."

काउकोने पलीकडून हात लांब करून फोन घेतला. "कोपरे मोजलेत का?"

"कोपरे मोजतात?" तेर्तूने विचारलं.

"येतो," काउको म्हणाला आणि फोन परत दिला.

ते तेव्हा सहाशे किलोमीटरवर होते. काउको ताशी ऐंशीच्या वर जात नाही, म्हणून दोन दिवस लागले. वाटेत राइलीने कुंडी मांडीवर घेतली होती.

आमच्याकडे घर बांधायचं म्हणजे इर्जिक घालायची. मित्र येतात, फुकट राबतात. यजमानीण जेवू घालते, सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवते. आणि काम संपलं की ज्याचा तो आपल्या घरी जातो. याचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण पाठ सगळ्यांना आहेत. राबायला आलेल्याने काही मागायचं नाही, कारण ते मजुरी मागितल्यासारखं होतं. आणि यजमानाने "राहा अजून" म्हणायचं नाही, कारण ते आणखी काम मागितल्यासारखं होतं. या दोन नियमांवर आमच्या मुलखातली अर्धी घरं उभी आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांत माणसं एकेकटी का राहतात त्याचंही उत्तर बहुधा त्यातच आहे.

औलिसने रीतीप्रमाणे आधी सौना बांधला होता. घर होईपर्यंत नवराबायको त्यातच झोपत. शनिवारी गाद्या बाहेर काढायच्या, सौना तापवायचा, अंघोळी करायच्या, आणि दोन तासांनी त्याच ऊबदार फळ्यांवर परत गाद्या घालायच्या. मोटारहोम लाकडांच्या खोपटाशेजारी उतारावर लागलं. एका चाकाखाली दोन फळ्या दिल्या तरी तव्यातलं अंडं एका कडेला सरकायचं. पण सगळ्या जागेत टेबल असं एकच होतं, ते गाडीत. त्यामुळे पाहुण्यांकडे यजमान जेवायला येत.

पहिल्या सकाळी काउको ओळंबा घेऊन घराभोवती फिरला. औलिस त्याच्या मागून फिरला. औलिस चौतीस वर्षं बस चालवत होता. कुणी पुढे असलं की त्याला बरं वाटे.

"हा कोपरा काटकोनात आहे का?" काउकोने विचारलं.

"जवळपास आहे की."

"जवळपास बस थांबवतात, औलिस. भिंत नाही."

"माझ्या बसबद्दल कुणाची तक्रार नव्हती."

"लोक चालत येत असतील पुढे."

औलिसने थोडा विचार केला. "यायचे," तो म्हणाला.

मग त्यांनी दोन भिंती उतरवल्या आणि परत चढवल्या. मे असा गेला. जूनमध्ये डास आले, आणि डासांबरोबर शेजारचा केम्पाइनेन ट्रॅक्टर घेऊन वासे ओढायला आला. केम्पाइनेनचं वय पंच्याऐंशी. तो काम करी तितकंच बोले, म्हणजे ज्यांना काम हवं असे त्यांना तो जास्त बोलतो असं वाटे. आढं चढलं त्या दिवशी तेर्तूने राय नावाच्या धान्याच्या पिठात घोळवून चिमुकले मासे तळले, परातभर. सगळ्यांनी उभ्याने खाल्ले. आढ्यावर बसून काउको खाली बघत म्हणाला, "सरळ आहे." त्याच्या तोंडून हे कौतुक गेल्या दहा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

स्वयंपाकघराची खिडकी कुठे पाडायची यावर औलिसचं काहीच म्हणणं नव्हतं. तेर्तू राइलीला म्हणाली, "तू उभी राहा. इथे मोरी येणार. भांडी घासते आहेस असं समज, आणि तुला काय दिसायला हवं ते सांग."

राइली नुसत्या वाशांच्या चौकटीत उभी राहिली. हातात काही नव्हतं तरी तिने बाह्या वर केल्या. ती थोडी डावीकडे सरकली. "इथून," ती म्हणाली. "भूर्जाचं झाड, तो खडक, आणि तळ्याच्या धक्क्याचं टोक."

"मग इथेच," तेर्तू म्हणाली आणि पेन्सिलीने लाकडावर फुली मारली.

दुसऱ्याच्या घराची खिडकी आपल्या नजरेच्या उंचीने पाडली जाताना राइलीने पाहिलं. ती पाच फूट एक इंच आहे. तेर्तू पाच फूट आठ.

त्या दिवशी दुपारी ती कठडा लावलेल्या पायरीवर काउकोशेजारी येऊन बसली. "काउको," ती म्हणाली, "मला इथे राहायचंय."

"राहतोय की आपण."

"काम संपल्यावर."

काउकोने डास मारला, तळहात बघितला. "तीन वर्षांत बोलली नाहीस."

"आज बोलते. मला इथे राहायचंय. घर नको. गाडीतच राहू. पण गाडी हलायला नको."

"गाडी न हलवायची म्हणजे…" काउको म्हणाला आणि थांबला. वाक्याच्या शेवटी "घर" हा शब्द येत होता. "हे त्यांनी म्हणायला हवं. आपल्याला नाही म्हणता येणार."

"का?"

"काय म्हणायचं? भिंती सरळ केल्या, आता जागा द्या? मजुरी मागतोय असं वाटेल औलिसला. तो देईलही. म्हणूनच मागायची नाही."

"आणि ते म्हणाले तर?"

"म्हणाले तर बघू."

काउकोच्या "बघू"ला राइलीच्या "चालेल"इतकंच वजन होतं. ती समाधानाने उठली आणि त्या दिवसापासून वाट बघायला लागली.

पलीकडे बटाट्यांच्या वाफ्यात त्याच आठवड्यात दुसरी बोलणी झाली. तेर्तू तण काढता काढता औलिसला म्हणाली, "हिवाळ्यात इथे आपण दोघंच असणार. तू दिवसाला अकरा शब्द बोलतोस. मी मोजलेत."

"मग?"

"त्यांना म्हण, राहा इथेच. जागा पडली आहे एवढी."

औलिसने कंबर सरळ केली. "कसं म्हणू? रंग राहिलाय, फरशी राहिली आहे, ओसरी राहिली आहे. आता 'राहा' म्हटलं तर काउकोला वाटेल, ओसरी करून घ्यायची आहे याला."

"मग ओसरी झाल्यावर म्हण."

"ओसरी झाल्यावर शेड राहते." तो तण उपटून बांधावर टाकत म्हणाला, "आणि त्यांना आवडतं का एका जागी? तूच सांगतेस, समुद्र, संत्री."

संत्र्यांची हकिगत तिनेच त्याला दर रविवारी सांगितली होती.

पण औलिस त्यावर आठ दिवस विचार करत राहिला. बसच्या चाकामागे चौतीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे पक्कं माहीत असतं की लोकांना सांगावं लागत नाही. थांब्याची पाटी लावली की लोक आपोआप तिथे उभे राहतात. जुलैच्या सुरुवातीला तो काउकोला खोपटापलीकडच्या सपाटीवर घेऊन गेला. तिथून तळं दिसत होतं.

"इथे एक ओटा करायचा आहे," तो म्हणाला. "खडीचा. दाबून पक्का."

"केवढा?"

"साडेआठ मीटर. रुंदी साडेतीन."

"कशाला?"

इथे औलिसने उत्तर द्यायला हवं होतं. त्याने ते घोकलंही होतं. पण काउको त्याच्याकडे मुकादमाच्या नजरेने बघत होता, आणि त्या नजरेसमोर औलिसला एकदम वाटलं की आपण आणखी एक काम सांगतो आहोत, तेही पाहुण्याच्याच गाडीसाठी, पाहुण्याकडूनच. त्याने तळ्याकडे पाहिलं.

"ठेवायला," तो म्हणाला.

काउकोनेही तळ्याकडे पाहिलं. "बोट?"

"बघू," औलिस म्हणाला.

काउकोने पुढे विचारलं नाही. दुसरा माणूस आपल्या जागेत काय ठेवतो हे खोदून विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्याने ओटा केला. खाली जाड खडी, मग बारीक, वर कच. दर थराला केम्पाइनेनचं खडी ठोकायचं धुम्मस फिरवून. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून ओटा वर उचलला जाऊ नये म्हणून कमरेइतकं खणून पाणी काढून दिलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पाणसळ टेकवली, तर बुडबुडा बरोबर मध्ये. औलिस बघत होता. त्याला आशा होती, की काउको आता मागे वळून आपल्या उतारावर तिरक्या उभ्या असलेल्या गाडीकडे बघेल, मग या ओट्याकडे बघेल, आणि म्हणेल, अरे.

"मोठी बोट घेतोयस," काउको म्हणाला.

मग औलिसने वायरमन बोलावला आणि ओट्याच्या कोपऱ्यात विजेचा खांब बसवून घेतला. शेजारी पाण्याचा नळ घेतला. सांडपाण्याचा पाइप घेतला. प्रत्येक वेळी त्याने काउकोला बोलावून दाखवलं.

"नळ," औलिस म्हणाला.

"धुवायला बरा," काउको म्हणाला.

"हा पाइप. घरातून जातो तसाच."

"बोटीत संडास आहे?"

औलिसने मान हलवली, ती होकारार्थी की नकारार्थी हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी तेर्तूला तो म्हणाला, "तो बघतो, पण त्याला दिसत नाही."

"तोंडाने सांग."

"आता कसं सांगू? आता बोट झाली आहे."

बोट खरोखरच झाली होती. काउको खिळे आणायला गावातल्या दुकानात गेला, तेव्हा तिथल्या बाईने विचारलं औलिसचं कुठपर्यंत आलं. काउको अभिमानाने म्हणाला, घर होतच आलंय, पण त्याची बोट ठेवायची जागा बघून या, विमान उतरेल. आठवड्याभरात गावभर झालं. केम्पाइनेन ट्रॅक्टरवरून न उतरता औलिसला म्हणाला, "बोट घेतोयस म्हणे."

"बघू."

"केवढी?"

"ओट्याएवढी," काउकोने मित्रातर्फे सांगितलं.

केम्पाइनेनने ओटा पाहिला, तळं पाहिलं, परत ओटा पाहिला. "तुम्हा बसवाल्यांना निवृत्तिवेतन बरं मिळतं," तो म्हणाला आणि गेला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी राइली त्या नळावर बादली भरायला गेली. खांबावरच्या पेटीचं झाकण उघडं होतं. आत निळं, गोल, तीन भोकांचं सॉकेट होतं. तीन वर्षं दर मुक्कामाला गाडीची वीज राइलीच जोडत होती, कारण काउकोचे गुडघे वाकत नाहीत. ते सॉकेट ती डोळे मिटून ओळखेल. तिने बादली खाली ठेवली. ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत ती चालली, मग गाडीजवळ जाऊन गाडीच्या बाजूने तशीच चालली. मग बादली तिथेच विसरून ती रानात गेली. तिथे तेर्तू लिंगोनबेरीची रानफळं वेचत होती.

दोघी बराच वेळ वाकून वेचत राहिल्या.

"ओटा मोठा आहे गं," राइली म्हणाली.

"आहे."

"बोट केव्हा येणार?"

तेर्तूचा हात थांबला. आता ती सांगणारच होती. पण आधी तिला खात्री करून घ्यावीशी वाटली. नको म्हणणाऱ्याला नको म्हणायला लावणं वाईट. "तुमचा हिवाळ्याचा बेत काय? परत संत्री?"

राइलीने विचार केला. आपण "नाही" म्हटलं तर ते मागणं झालं. ती म्हणाली, "काउको म्हणेल तसं."

"तुला आता एका जागी करमायचंही नाही म्हणा."

"सवय झाली आहे खरी."

"हो ना," तेर्तू म्हणाली. "बोटीचं औलिसला माहीत."

आणि दोघी परत वाकल्या. त्या दिवशी त्यांनी नऊ लिटर फळं वेचली, इतकी कुणालाच नको होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घराचं काम संपलं. ते लांबवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. तेर्तूने न्हाणीच्या फरशीचा रंग आवडत नाही म्हणून ती उखडायला लावली आणि मग तीच फरशी परत आणली. राइलीने ओसरीच्या कठड्याला रंगाचा तिसरा हात दिला. पण काउकोच्या हाताखाली काम लांबत नाही, आणि नगरपालिकेचा तपासनीस येऊन तासाभरात सही करून गेला. दुसऱ्या दिवशी तेर्तूने वास्तूची कॉफी ठेवली. केम्पाइनेन आला, दुकानातली बाई आली, आणखी चारपाच जण आले. रीतीप्रमाणे पाहुण्यांनी रायची भाकरी आणि मीठ आणलं. टेबलावर सात भाकऱ्या झाल्या. वेलदोड्याचे गोड पाव होते. लोकांनी भिंती ठोकून बघितल्या. कुणीतरी म्हणालं, खिडकी जरा खाली वाटते.

"मला तिथेच हवी होती," तेर्तू म्हणाली.

मग सगळे कॉफीचे कप घेऊन ओटा बघायला बाहेर आले. औलिसने तेर्तूकडे पाहिलं. तेर्तूने मान हलवली: आता. औलिसने घसा साफ केला. सगळ्यांनी कप खाली घेतले, औलिस घसा साफ करतो हीच एक घटना होती.

"तर हा ओटा," औलिस म्हणाला.

"आणि बोट?" केम्पाइनेनने विचारलं.

सगळी माणसं औलिसकडे बघत होती. त्यांतल्या काउकोच्या चेहऱ्यावर इतकं निर्मळ कौतुक होतं, की ओट्याचा खरा अर्थ सांगणं म्हणजे गावासमोर मित्राला मूर्ख ठरवणं झालं असतं. औलिसने तळ्याकडे पाहिलं, तिथून काही मदत आली नाही.

"वसंतात," औलिस म्हणाला.

राइलीने हातातला कप बशीत ठेवला. तो आवाज फक्त तेर्तूने ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. काम संपल्यावर एक दिवस थांबणं म्हणजे सोबत. दोन दिवस थांबणं म्हणजे रेंगाळणं. तेर्तूने मुरंब्याच्या सहा बरण्या दिल्या. राइलीने त्या एकेक करून कपाटात बंद केल्या, मग खिडकीतून कुंडी उचलली.

"फोन कर गं," तेर्तू म्हणाली.

"रविवारी," राइली म्हणाली.

काउको आणि औलिसने हात मिळवले. "घर बरं झालंय," काउको म्हणाला. औलिसला रडू आलं असावं, कारण तो लगेच लाकडं फोडायला गेला.

साठ किलोमीटरवर पेट्रोल पंपावर कॉफी घेताना राइली म्हणाली, "सॉकेट निळं होतं."

"कुठलं?"

"ओट्यावरचं. आपल्या गाडीचं."

काउकोने साखर ढवळली. "धक्क्यावर बोटींनाही निळंच असतं."

"आणि सांडपाणी?"

"बोटीत संडास असतो."

"साडेआठ मीटर, काउको. आपली गाडी साडेसात. दार उघडायला आणि तुझी पायरी टेकवायला एक."

काउकोने ढवळणं थांबवलं. तो बराच वेळ बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत राहिला. कधी नव्हे ते त्याने कॉफी अर्धी टाकली.

"परत वळ," राइली म्हणाली.

"निरोप घेतलाय आपण."

"मग काय झालं?"

"निरोप घेतल्यावर साठ किलोमीटरवरून परत गेलो तर काहीतरी विसरलं असं वाटेल त्यांना. शोधत बसतील." थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्याने सांगायचं होतं."

"तू विचारायचं होतंस."

हे दोन्ही खरं होतं, त्यामुळे वाद पुढे गेला नाही. दोनशे किलोमीटर गेले. मग काउको रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "वसंतात विचारतो."

हिवाळा त्यांनी स्पेनच्या किनाऱ्यावर काढला. तिथल्या गाड्यांच्या तळावर आमचीच माणसं असतात, दारात बसून घरचं हवामान ऐकतात. राइली सकाळी उठून खिडकीचा पडदा सरकवायची. बाहेर जर्मन माणसाची गाडी दिसायची, आणि तो गेला की दुसऱ्या जर्मन माणसाची. ती डोळे मिटून भांडी घासायची. डोळे मिटले की भूर्ज दिसायचं, खडक दिसायचा; धक्क्याचं टोक मात्र दर वेळी दिसायचं नाही, कारण तिथे आता बर्फ असेल. मुरंब्याची एक बरणी महिनाभर पुरवायची असं तिने ठरवलं होतं. पहिली बरणी अकरा दिवसांत संपली.

काउको वाक्य तयार करत होता. आधी ते "औलिस, त्या ओट्यावर आमची गाडी लावली तर तुझी काही हरकत?" असं होतं. जानेवारीत त्यातली हरकत गेली. फेब्रुवारीत गाडी गेली. मार्चमध्ये फक्त "ओट्याचं काय?" एवढंच उरलं, आणि ते त्याला म्हणता येईल असं वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी राइलीने तेर्तूला सांगितलं, "मेमध्ये येतो आम्ही. बाहेरच्या भिंतींना रंगाचा दुसरा हात द्यायला हवा, काउको म्हणतो."

भिंतींना रंगाची काही गरज नव्हती. तेर्तू घाईघाईने म्हणाली, "हवाच. फार हवा." फोन ठेवून तिने औलिसला सांगितलं, ते येताहेत. औलिस आनंदाने दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मग त्याला आठवलं की वसंत आला आहे आणि ओटा रिकामा आहे. काउको येणार, गाडीतून उतरल्याबरोबर ओट्याकडे बघणार, आणि सगळ्यांसमोर दिलेला शब्द तिथे नसणार.

ते मेच्या वीस तारखेला पोचले. राइलीने वळणावरूनच पाहिलं. ओट्यावर मोठी पांढरी बोट होती. केबिनची, खिडक्या असलेली, लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. औलिस खिशात हात घालून तिच्याशेजारी उभा होता.

काउकोने गाडी बंद केली. पण तो लगेच उतरला नाही. "ओट्याचं काय," हे त्याच्या तोंडात तयार होतं, आणि आता त्याला काही अर्थ उरला नव्हता.

"आली," औलिस म्हणाला.

"आली खरी," काउको म्हणाला. त्याने बोटीला एक फेरी मारली. खिशातून छोटी पाणसळ काढून ओट्याच्या कडेला टेकवली. "हिवाळ्यात हलला नाही."

"नाही."

"पक्का झालाय."

"तूच केलास," औलिस म्हणाला.

काउकोने जाऊन चाकाखाली त्याच दोन फळ्या दिल्या.

आत तेर्तूने कॉफी ओतली. राइली मोरीपाशी उभी होती, तिच्याकडे पाठ करून.

"ती जागा तुमच्या गाडीची होती गं," तेर्तू म्हणाली.

"माहीत आहे."

"केव्हापासून?"

"ऑगस्टपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू?"

तेर्तूने भरलेल्याच कपात आणखी थोडी कॉफी ओतली. ती बशीत सांडली. "औलिस रोज बाहेर जाऊन बोटीकडे बघतो," ती म्हणाली. "एकदाही आत चढला नाही."

"हलवता येणार नाही का?"

"कायानीहून क्रेनचा ट्रक आला होता. सगळा गाव बघायला जमला. औलिस म्हणतो, आता ती हलवली तर केम्पाइनेन विचारेल का हलवली."

राइलीने मान हलवली. हे तिला पटलं. आमच्याकडे कुणालाही पटलं असतं.

रंगाला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काउकोला रोवानिएमीहून फोन आला. तिथे कुणाचं तरी छप्पर गळत होतं. पाचव्या दिवशी सकाळी राइलीने कुंडी उचलली.

बोट आठ मीटरची आहे आणि तिला तरंगायला सव्वा मीटर पाणी लागतं. हाउकी तळं सगळ्यांत खोल जागी एक मीटर दहा आहे.